एका पत्त्यावर दोन चुली

१२ जानेवारी २०२६, सोमवार

आज पाच तास. नऊ ते दोन.

ही वही तासांची आहे. काउंटी ऑफिसच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन जिल्हा कचेरीच्या, पत्रात लिहिलं होतं, तुमची स्वतःची नोंदही ठेवा. पूर्वी पंचावन्नच्या पुढच्या माणसाला या भानगडीतून सूट होती. आता नियम बदलला. चौसष्टपर्यंतच्या धडधाकट माणसाला सरकारी अन्नमदत चालू ठेवायची असेल तर महिन्याला ऐंशी तास काम करून दाखवावं लागतं. नोकरी मिळत नसेल तर कुठेतरी फुकट राबायचं. मी एकसष्टची आहे आणि डॉक्टरांच्या मते धडधाकट आहे. बावीस वर्षं ज्या कारखान्यात क्रीमच्या बाटल्या पॅक केल्या तो बंद पडला, तेव्हापासून कुठूनही बोलावणं आलेलं नाही.

म्हणून चर्चच्या तळघरातली फूड पँट्री. डबे लावायचे, तांदळाच्या छोट्या पिशव्या भरायच्या. ज्यांना धान्य लागतं त्यांच्या हातात पिशवी द्यायची आणि घरी येताना स्वतःच्या अन्नमदतीच्या कार्डावर भाजी घ्यायची. पँट्री नीना चालवते. नागपूरची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलण्यात पंधरा वर्षांनी पुढे. दोन वाजता ती माझ्या कागदावर सही करते.

सकाळी घरमालक मोरेश्वररावांनी गाडीने सोडलं. त्यांना त्याच बाजूला पोस्टात काम होतं.

१८ जानेवारी, रविवार

उद्या कोणी ही वही तपासायला मागितली तर सगळं नीट असावं, म्हणून घरची व्यवस्था लिहून ठेवते. मराठीत लिहिल्यामुळे तपासणाऱ्याची पंचाईत होईल, पण तो त्याचा प्रश्न.

घर मोरेश्वररावांचं. वय चौऱ्याहत्तर. औषधांच्या कंपनीत एकतीस वर्षं गुणवत्ता तपासनीस होते. बाटलीवर लिहिलंय तेच आत आहे की नाही, हे बघण्याचं काम. त्यांची पत्नी सुमती माझी मैत्रीण. ती गेली. माझे राजेश त्याच्या दोन वर्षं आधी गेले. मग माझ्या अपार्टमेंटचं भाडं मला झेपेना, तेव्हा मी त्यांची वरची खोली भाड्याने घेतली. स्वयंपाकघर एकच. पहिली दोन वर्षं आम्ही एकत्रच जेवत होतो. पोळ्या मी करायची, आमटी ते. चांगली करतात, फक्त गूळ चमच्याने मोजून घालतात.

कारखाना बंद झाला आणि अन्नमदतीचा अर्ज करायची वेळ आली. मोरेश्वररावांनी अर्जाची सगळी पानं मोठ्याने वाचली. एका पानावर विचारलं होतं, या पत्त्यावर राहणाऱ्या आणखी कोणाबरोबर तुम्ही नेहमी अन्न विकत घेता आणि रांधता का? मी 'हो'च्या चौकोनावर पेन टेकवलं.

"थांबा, सुलभाताई," ते म्हणाले. "हो लिहिलंत तर आपल्याला एक घर धरतील. माझं पेन्शन त्यात मोजतील आणि तुम्हाला काही मिळणार नाही."

"मग?"

"नाही लिहा." आणि पान उलटता उलटता, "पण मग ते खरं असायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तर फ्रीजच्या कप्प्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या. वरचे दोन कप्पे त्यांचे, खालचे दोन माझे. मिठाच्या बरण्या दोन. तेलाच्या बाटल्या दोन. शेगडीची डावी बाजू त्यांची, उजवी माझी. जेवायला ते सातला बसतात, मी साडेसातला. भांडण न होता चुली वेगळ्या झाल्या. त्याला आता दोन वर्षं आणि वर एक महिना झाला.

वाटीचं तेवढं राहिलं. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. तिच्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. "शेजारधर्म म्हणजे एकत्र स्वयंपाक नव्हे," असा निकाल दिला. त्यामुळे त्यांच्या आमटीची वाटी चार फुटांचा ओटा ओलांडून माझ्याकडे येते आणि माझ्या भाजीची तिकडे जाते.

माणूस तत्त्वाचा आहे. थोडा कमी असता तरी चाललं असतं, असं कधीकधी वाटतं.

३० जानेवारी, शुक्रवार

महिन्याचे एकूण ब्याऐंशी तास. दोन जास्त झाले ते पुढच्या महिन्यात धरत नाहीत, विचारलं मी.

नीना म्हणते, "तुझे मोरेश्वरराव रोज इकडे काय करतात ग? काल गाडीत बसून पेपर वाचत होते, बारा वाजेपर्यंत."

मी म्हटलं, त्यांचं बँकेत काम असेल. नीना नुसती हसली. तिला सगळ्याचंच हसू येतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज पाच तास. बर्फ पडलं होतं तरी वेळेवर पोचले.

ते सातला जेवायला बसतात आणि मी साडेसातला खाली येते, तरी ते अजून टेबलापाशीच असतात. जेवण संपलेलं असतं, पाण्याचा पेला समोर. त्यांचं पाणी पिणं फार सावकाश आहे. माझी दुसरी पोळी होईपर्यंत पेला संपत नाही. मग उठतात, पेला विसळतात आणि "चला" म्हणून जातात. वयानुसार घशाला त्रास होत असेल. डॉक्टरांना विचारा, असं सांगायला हवं.

४ मार्च, बुधवार

शून्य तास.

सकाळी टपालपेटीपाशी मोरेश्वरराव घसरले. रस्ता कोरडा दिसत होता, त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. आधी वाटलं खाली वाकून काही उचलतायत. उठेनात तेव्हा पायात चपला न घालताच धावले.

"ॲम्ब्युलन्सला सांगा, डाव्या खुब्याचं हाड," ते म्हणाले. पडल्यापडल्या स्वतःची तपासणी करून झाली होती. "आणि तुम्ही मोजे बदला, ओले झालेत."

संध्याकाळी ऑपरेशन झालं. फॉर्मवर नातं विचारलं तेव्हा मी 'भाडेकरू' लिहिलं. नर्सने दोनदा वाचलं.

८ मार्च, रविवार

शंतनू आला आहे. मोरेश्वररावांचा मुलगा, इथेच जन्मलेला, ॲरिझोनात चँडलरला कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत इंजिनिअर. चांगला मुलगा आहे. बापासारखं कपाळ.

कॉफीच्या मशीनपाशी मला म्हणाला, "सुलभा मावशी, बी ऑनेस्ट. ते एकटे मॅनेज करू शकतील का? आमच्याकडे ग्राउंड फ्लोअरला बेडरूम आहे, स्टेप्स नाहीत, स्नो नाही. मी वन मंथ वाट बघतो. तोपर्यंत ते ओके नसतील तर मी घेऊन जातो."

मी म्हटलं, "ते काय म्हणतात?"

"ते म्हणतात, आय ॲम फाइन. ते हॉस्पिटल बेडवर असताना म्हणतात, आय ॲम फाइन."

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

शून्य तास. या महिन्यात एकूण दहा झालेत, ते पडायच्या आधीचे.

शंतनू बारा तारखेला परत गेला. मोरेश्वरराव रिहॅब सेंटरमध्ये आहेत, सोमवारी घरी सोडतील. मी रोज जाते. दोन बस बदलून सव्वा तास लागतो. तिथे नर्सेस आहेत, व्यायाम करून घेणारा मुलगा आहे, जेवण ट्रेमधून येतं. माझी तिथे गरज होती का? खरं लिहायचं तर नव्हती. तरी गेले. पँट्रीला जाण्यासाठी सकाळी बूट घालते आणि बस आली की उलट्या दिशेची पकडते.

आज डब्यात श्रीखंड आणि पुऱ्या नेल्या. त्यांनी ट्रे बाजूला सारला. मी त्यांना वाढलं आणि खुर्ची मागे घेऊन बसले.

"तुमचं?" ते म्हणाले.

"घरी जाऊन जेवेन."

त्यांनी हातातली पुरी परत ठेवली. मग म्हणाले, "अर्जात 'या पत्त्यावर' असं आहे. आपल्या घराच्या पत्त्यावर. हा पत्ता वेगळा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो नियम इथे लागू होत नाही. घ्या पुरी."

दोन वर्षांनी आम्ही एका वेळी जेवलो. ते तीन पुऱ्या खाऊन थांबले, मी चार खाल्ल्या. परत येताना बसमध्ये मला उगीच रडू आलं. दिवसभराची दगदग झाली होती.

२७ मार्च, शुक्रवार

ते सोमवारी घरी आले. पलंग खाली दिवाणखान्यात आणला. अंघोळीला, औषधाला, संडासला जाताना धरायला लागतं. रात्री वॉकरचा आवाज आला की मी जिन्यात येऊन उभी राहते. आता त्यांचा स्वयंपाक मी त्यांच्या बाजूच्या बर्नरवर, त्यांच्या मिठाने, त्यांच्या तेलात करते आणि माझा माझ्या. "ही मदत झाली," ते म्हणतात. "एकत्र स्वयंपाक झाला नाही."

काल काही झालं तरी पँट्रीला जायचं, असं मी ठरवलं होतं. गेले नाही. मार्चचे तास दहाच राहणार.

१ एप्रिल, बुधवार

नीना घरी आली. मार्चचा कागद तिने सही करून आणला होता, तासांची जागा कोरी.

"लिही ऐंशी," ती म्हणाली. "कोण मोजतंय यार? तू तिथे जेवढं केलंस तेवढं कोणी करत नाही."

"दहा झालेत ग."

"मग सत्तर तू इथे केलेस. बाथरूमपर्यंत माणूस धरून नेणं काय सोपं आहे? तांदळाची पिशवी पडली तर पडली."

मोरेश्वरराव पलंगावर डोळे मिटून होते. झोपले नव्हते, हे मला माहीत आहे, कारण ते झोपेत तोंड उघडं ठेवतात.

कागद घेतला. अजून कोराच आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

पत्र आलं. मार्चची अट पूर्ण झालेली नाही, योग्य कारण असेल तर सतरा तारखेपर्यंत पुराव्यासह कळवा, नाहीतर तो महिना न पाळलेला धरला जाईल. असे तीन झाले की कार्ड बंद.

फोन केला. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. तिने मान्य कारणं वाचून दाखवली. स्वतःचं आजारपण. घरातल्या सदस्याचं आजारपण. अचानक आलेलं संकट. वाहन नसणं.

मी सांगितलं, घरमालक पडले, त्यांचं करत होते.

"ते तुमच्या केसमध्ये घरचे सदस्य आहेत का?"

"नाही."

"तुम्ही एकत्र जेवण करता का?"

"नाही," मी म्हटलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच मला उत्तर ताबडतोब देता आलं.

"मग ते घरातल्या सदस्याचं आजारपण होत नाही, मॅम. हवं तर बुधवारी ऑफिसात येऊन अधिकाऱ्याशी बोला."

फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले. एक घर म्हटलं तर कारण मान्य, पण मदत बंद. दोन घरं म्हटली तर मदत चालू, पण कारण अमान्य. मोरेश्वरराव पलंगावरून म्हणाले, "काय म्हणाले?" मी म्हटलं, समक्ष बोलावलंय.

नीनाचा कागद फाडून टाकला. तो घरात असता तर मी लिहिला असता.

८ एप्रिल, बुधवार

समक्ष जाऊन आले. शेजारच्या घरातल्या बाई तेवढा वेळ त्यांच्यापाशी बसल्या.

डेनिस नावाची अधिकारी होती. पन्नाशीची, चष्मा साखळीला. तिने माझी केस वाचली, मग मला विचारलं. मी कप्पे, पट्ट्या, मीठ, बर्नर, सात आणि साडेसात सगळं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही दोन वर्षं करताय?"

"अर्जात विचारलं होतं ना."

"मॅम, अर्जात 'नेहमी' असं लिहिलंय. खरेदी वेगळी, शिजवणं वेगळं, एवढं बास. एका टेबलावर एका वेळी बसून आपापलं जेवायला कोणी बंदी केली? रविवारी कोणी कोणाला जेवायला बोलावलं तरी काउंटीचं काही म्हणणं नाही."

दोन वर्षांत रविवार किती झाले, ते बसस्टॉपवर मोजायला लागले आणि सोडून दिलं.

मग तिने तारखा घेतल्या. "तेवीस मार्चपर्यंत ते हॉस्पिटल आणि रिहॅबमध्ये होते. तिथे त्यांना बघायला माणसं होती. तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच."

"का?"

मी म्हटलं, त्यांना तिथलं जेवण चालत नाही. दुधावरची साय काढून द्यावी लागते. पाणी कोमट लागतं.

तिने साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लिहिलं, विशेष आहार.

तिने दुसरा एक फॉर्म दिला. घरचा सदस्य नसला तरी चालतं, म्हणाली. स्वतःचं स्वतः करू न शकणाऱ्या माणसाची काळजी घेत असाल तर ते कारण वेगळं आहे, त्याला नातंही लागत नाही. अर्धा फॉर्म त्या माणसाने भरायचा, अर्धा त्याच्या डॉक्टरने. सतरापर्यंत द्यायचा.

येताना फार हलकं वाटलं. घराच्या दारापर्यंत.

९ एप्रिल, गुरुवार

फॉर्म तांदळाच्या डब्यामागे ठेवला आहे.

काल दारात शिरले तेव्हा ते शंतनूशी व्हिडिओवर बोलत होते. वॉकर पडद्याआड ढकललेला. मला खुणेने फोन धरायला सांगितला, म्हणजे त्यांना दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर टेकून उठता येईल. चेहराच दिसेल असा मी धरला.

"सी?" ते शंतनूला म्हणाले. "उभा आहे."

"गुड, बाबा. चालून दाखवा."

"चालतोच आहे. आता सुलभाताईंना काम आहे, ठेवतो."

फोन बंद झाल्यावर ते बसले, कपाळावर घाम होता.

फॉर्मवर त्यांनी लिहायचं आहे की मला स्वतःचं स्वतः करता येत नाही. डॉक्टर तो कागद त्यांच्या ऑनलाइन फाइलमध्ये घालणार. ती फाइल शंतनू बघतो, औषधं तोच मागवतो. म्हणजे त्यांनी सही केली की ते चँडलरला गेले.

महिना बुडाला तर एकच बुडेल. एप्रिलचा धरला तर दोन. तीन होईपर्यंत वेळ आहे. मला फार लागत नाही. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पँट्रीत काही ना काही मिळतंच.

१२ एप्रिल, रविवार

त्यांनी विचारलं, कारणाचं काय झालं? मी म्हटलं, मान्य झालं.

"कागद कुठे आहे?"

"पोस्टाने येणार."

त्यांनी मान हलवली. एकतीस वर्षं ज्याने लेबलं तपासली त्याच्याशी मी खोटं बोलले, आणि मला वाटलं पचलं.

आज सात वाजता माझंही ताट घेऊन टेबलाशी बसले. डेनिस काय म्हणाली ते सांगितलं. ते ऐकत राहिले, चमचा हातात तसाच.

"म्हणजे माझं वाचण्यात चुकलं," ते म्हणाले.

"असू दे."

"'नेहमी' हा शब्द मी वाचला होता. त्याचा अर्थ मी जास्तच कडक घेतला." त्यांनी चमचा ताटात ठेवला. "दोन वर्षं."

मी म्हटलं, आमटी गार होतेय.

१४ एप्रिल, मंगळवार

मी कपडे वाळवायच्या मशीनपाशी तळघरात होते. वर आले तर ते वॉकर घेऊन ओट्यापाशी उभे, तांदळाचा डबा बाजूला, फॉर्म समोर. एकटे तिथवर चालत आले होते, हे बघून मला राग यावा की आनंद व्हावा ते कळेना.

"तांदूळ कशाला हवे होते?"

"शेजारच्या बाई आज विचारत होत्या, डेनिसचं ऑफिस कसं होतं, फॉर्म मिळाला का. मग शोधला." त्यांनी खुर्ची ओढायला सांगितलं. "मला का नाही दाखवलात?"

"शंतनू बघेल म्हणून."

"बघू दे."

"तो घेऊन जाईल."

"सुलभाताई, ते मला माहीत आहे." ते पेनाचं टोपण काढत होते, ते निघत नव्हतं. मी काढून दिलं. "पण तुमचं खाणं बंद होणार आणि मी इथे उभं राहायचं नाटक करणार, हे बरोबर नाही. जे आत आहे तेच बाहेर लिहायचं."

"नका लिहू," मी म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं, "नका लिहू."

त्यांनी इंग्रजीत, सुबक अक्षरात सगळं भरलं. अंघोळ, मदत लागते. जिना, शक्य नाही. स्वयंपाक, मदत लागते. एक प्रश्न होता, ही व्यक्ती उपलब्ध नसेल तर तुमची काळजी कोण घेईल? त्याआधीची सगळी उत्तरं त्यांनी पुन्हा वाचली. मग लिहिलं, कोणी नाही.

"शंतनू आहे ना," मी म्हटलं.

"प्रश्न काळजीचा आहे," ते म्हणाले आणि सही केली.

१८ एप्रिल, शनिवार

शंतनूचा फोन. आधी वडिलांशी बोलला, मग मला मागितलं.

"मावशी, यू शुड हॅव टोल्ड मी. तुम्ही त्यांना उचलताय, धरताय, ॲट युअर एज." त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट बसला होता. "आणि त्यांनी 'नो वन' लिहिलंय. मी काय नो वन आहे?"

मी म्हटलं, तसा अर्थ नाही रे, फॉर्मची भाषा असते.

"मी तिकीट काढतोय. सेकंड मे. तीन महिने म्हणतोय आत्ता. मग बघू."

फोन देताना मोरेश्वररावांनी विचारलं नाही काय ठरलं.

३० एप्रिल, गुरुवार

या आठवड्यात रोज एकत्र जेवलो. खरेदी वेगळी, शिजवणं वेगळं, टेबल एक. त्यांचं पाण्याचं दुखणं बरं झालेलं दिसतं. आता पेला भराभर संपतो आणि तरी ते बसून असतात.

२ मे, शनिवार

गेले.

शंतनूने चाकाच्या खुर्चीत बसवलं. गाडीत बसताना त्यांनी मला फ्रीजच्या वरच्या कप्प्यातलं दही संपवायला सांगितलं. "आता ते तुमच्याच कप्प्यात ठेवा," म्हणाले. शंतनूने विचारलं, कसला कप्पा? मोरेश्वररावांनी सीटबेल्ट लावला, मी गाडीचं दार लावलं.

दही तसंच वरच्या कप्प्यात आहे.

११ मे, सोमवार

पत्र आलं. मार्चचं कारण मान्य. एप्रिलची सूट मान्य. काळजी घेण्याची जबाबदारी संपली असल्याने पुढच्या महिन्यापासून पुन्हा ऐंशी तास.

जबाबदारी संपली, असं स्वच्छ लिहिलं आहे.

पँट्रीला बसने गेले. पाच तास. नीनाने सही केली आणि आज ती हसली नाही.

मोरेश्वररावांचा रोज सातला फोन येतो. त्यांच्याकडे तेव्हा चार वाजलेले असतात. सून प्रीता मागे म्हणत असते, "बाबा, धिस इज नॉट डिनर टाइम." ते चार वाजता जेवायला मागतात, मग संध्याकाळी सगळ्यांबरोबर भूक नसते. औषधांमुळे वेळा बदलल्या असतील, असं प्रीता म्हणते. मलाही तसंच वाटतं.

५ जून, शुक्रवार

आज पाच तास. महिन्याचे वीस.

सहा महिन्यांनी भरायचा फॉर्म आला होता, तो मंगळवारी भरून पाठवला. त्यात विचारलं होतं, मागच्या वेळेपासून तुमच्या घरातून कोणी बाहेर राहायला गेलं आहे का? मी 'हो'वर खूण केली. नाव लिहिलं, तारीख लिहिली. पाकीट बंद करून टाकलं सुद्धा.

आज दुपारी डेनिसचा फोन आला. "मॅम, तुम्ही एक माणूस गेला म्हणून लिहिलंय. पण तो तुमच्या केसमध्ये नव्हता."

"नव्हता."

"तुमचं घर एका माणसाचं आहे. आधीही एकाचंच होतं."

"हो."

"मग मी इथे 'नाही' करते. नाहीतर कॉम्प्युटर पुढे जात नाही आणि तुमचं कार्ड अडकेल. चालेल?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती घाई करत नव्हती. मागे तिच्या ऑफिसातले फोन वाजत होते.

"चालेल," मी म्हटलं.

"कोणी गेलं नाही, असं वाचून दाखवते, तुम्ही हो म्हणा. रेकॉर्ड होतं."

तिने वाचलं. मी हो म्हटलं.

सातला त्यांचा फोन. मी ताट वाढून घेतलं होतं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला. त्यांच्यापुढे पोळी, भाजी. मागे खिडकीत भर दुपारचं ऊन. पाय कसा आहे विचारलं. अंगणापर्यंत काठीने चालतात, म्हणाले. शंतनू तीन महिन्यांचे सहा करायचं बोलतोय. डॉक्टर बरे आहेत. आंबे मिळत नाहीत.

"तो फॉर्म आला असेल," ते म्हणाले. "सहामाही."

"आला. गेला पण."

"कोणी बाहेर राहायला गेलं का, असं असतं त्यात. काय लिहिलंत?"

"मी हो लिहिलं होतं. डेनिसने नाही करून घेतलं."

ते पोळीचा तुकडा हातात धरून बसले. चित्र अडकलं असं मला वाटलं, पण मागे पडदा हलत होता.

"नियमाने तिचं बरोबर आहे," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही मात्र हो लिहिलंत."

"जे आत होतं ते लिहिलं," मी म्हटलं.

त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि चष्मा काढून पुसला. प्रीता मागून काहीतरी विचारत होती, त्यांनी तिला हाताने थांब म्हटलं. मग म्हणाले, "जेवा, सुलभा. मी आहे अजून."